तिरळा निशाणदार

मित्रांनो, माझी उंची एक इंच, अंग शिशाचं, हातात निशाण आणि दोन्ही डोळे तिरळे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला खेळणं म्हणालात तरी माझी हरकत नाही. पण ‘नुसतं खेळणं’ म्हणालात, तर आपलं जमायचं नाही.

वितळलेलं शिसं साच्यात ओतून मला घडवलं. माझ्याबरोबर बावीस भाऊ होते. आम्हाला एका खोक्यात घालून ज्यांच्या घरी पाठवलं, ते कवळीकाका. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा त्यांचा धंदा. दिवसभर परक्यांचे दात बसवायचे आणि संध्याकाळी भिंगाखाली आमच्यासारख्यांना रंगवायचे. दर रविवारी दुपारी त्यांचा मित्र, बसचा ड्रायव्हर, आपली फौज चपलांच्या खोक्यातून घेऊन यायचा. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर पसरायची, तिच्याखाली पुस्तकं सरकवली की टेकड्या तयार. मग टेपने इंच इंच मोजत फौजा पुढे सरकायच्या, फासे पडायचे आणि दोन पोक्त माणसं एका पुलासाठी चार चार तास हमरीतुमरीवर यायची. पूल आइस्क्रीमच्या काड्यांचा होता.

हे सगळं मी खोक्यातून नुसतं ऐकत होतो. त्या घरचा नियम कडक होता. अंगावरचा रंग पुरा झाल्याशिवाय टेबलावर पाय ठेवायचा नाही. रंगात सगळ्यात शेवटी डोळे. डोळे नाहीत, तो मैदानात नाही. त्यात काकांना एक खोड होती, या छंदातल्या बहुतेकांना ती असते म्हणे. जुनं खोकं रंगवून व्हायच्या आत ते नवं आणायचे. आमच्यावर दुसरं आलं, त्यावर तिसरं. अकरा वर्षं मी करड्या अंगाने तळाशी पडून होतो. मागून आलेले घोडेस्वार नटूनथटून लढाईला गेले आणि शाबासकी घेऊन काचेच्या कपाटात जाऊन बसले. मला फार राग यायचा. अजूनही येतो.

शेवटी आमची पाळी आली. काकांनी आमचे कोट रंगवले, बूट रंगवले. डोळे तेवढे राहिले होते, आणि तेव्हाच त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कवळ्यांचं काम बंद झालं. काकांच्या थोरल्या बहिणीने, घरातच शिवणकाम करणाऱ्या ताईंनी, मग विषय काढला.

“टेबल मोकळं कर आता. एवढी वर्षं खेळलास, पुरे झालं. ही खेळणी एखाद्या शाळेला देऊन टाकू.”

रविवारी ड्रायव्हर आला, तर काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. ताईंनी खोकी दोरीने बांधली. झालं, म्हटलं, आपण न लढताच संपलो.

पुढच्या शनिवारी सकाळी दोरी सुटली. काकांनी नेमकं मलाच उचललं. कोपर टेबलावर रोवलं, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि श्वास रोखला. कुंचल्याचं टोक तरी थरथरत होतं. एक डोळा छताकडे गेला, दुसरा बुटांकडे. पुसायला त्यांनी कापूस घेतला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि कापूस खाली ठेवला.

“डोळे आहेत ना? मग झालं तर,” ते म्हणाले, आणि ड्रायव्हरला फोन लावला. “उद्या ये.”

ड्रायव्हरने मला भिंगातून पाहिलं. “हा बघतोय तरी कुणीकडे?”

“दोन्हीकडे. तू कुठूनही ये.”

माझे भाऊ डोळ्यांवाचून खोक्यातच होते. मी कपाटातल्या जुन्या तुकडीपुढे निशाण घेऊन पुलावर उभा राहिलो. ड्रायव्हरने आमच्यावर घोडेस्वार घातले. तासाभरात माझ्यामागची तुकडी साफ झाली, मी एकटा उरलो. फाशावर चार किंवा जास्त पडले तर मी टिकणार, नाहीतर मेलो. काकांचा हात असा हलत होता की फासा हातातच खुळखुळायचा. पाच पडले. मग चार. मग सहा. ताई शिवण बाजूला ठेवून टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. चौथ्यांदा दोन पडले आणि पूल गेला. काका हरले होते, तरी कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसत होते.

ताईंनी विचारलं, “असे अजून किती आहेत खोक्यात?”

“बावीस.”

“आण इकडे. डोळे मी काढते. जन्मभर सुईचंच काम केलंय.” मग त्यांनी मला उचललं. “याचेही सरळ करून देते.”

काकांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. “याला नाही. हा मी केलाय.”

आता माझे बावीस भाऊ टेबलावर असतात, सगळे सरळ नजरेचे. काका खुर्चीतून सांगतात, ताई टेप लावून आम्हाला हलवतात आणि ड्रायव्हरशी माप चुकलं म्हणून भांडतात. मित्रांनो, आम्हाला उचलताना निशाणाला धरू नका, पायाखालच्या चकतीला धरा. धूळ मऊ कुंचल्याने झटका. पण रंग घेऊन माझे डोळे सरळ करायला कुणी येऊ नका. काकांच्या हातात आता कुंचला राहत नाही. त्यांनी काढलेले शेवटचे डोळे माझे आहेत, आणि ते मी कुणालाही पुसू देणार नाही.