अंगठ्याची जागा

घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायची धांदल्याला मुभा होती, फक्त बैठकीच्या भिंतीवरच्या रायफलीला नव्हती. म्हणून तर ती त्याच्याच हातून पडली. तो नव्या घड्याळासाठी खिळा ठोकत होता. एक ठोका खिळ्याला बसला, दुसरा भिंतीला, आणि शेजारचे आकडे निखळून पणजोबांच्या काळची ती रायफल फरशीवर आदळली. नळीला काही झालं नाही, लोखंड ते. लाकडी दस्ता मात्र मुठीपाशी, जिथे तो सगळ्यात बारीक असतो नेमका तिथेच, मोडला.

धांदल्याने दोन्ही तुकडे टॉवेलात गुंडाळले आणि थेट ताईचा कारखाना गाठला. कारखाना म्हणायचं आपलं. मागच्या गल्लीतली एक लांबट खोली, खिडकीखाली ओटा आणि सगळीकडे भुसा. बाबांनी उभा जन्म तिथे लोकांच्या खुर्च्या-कपाटं दुरुस्त केली आणि डोळे अधू झाल्यावर खोली थोरल्या लेकीच्या हवाली केली.

"बाबा रविवारी आत्याकडून परत येतायत," टॉवेल उलगडत तो म्हणाला.

ताईने तुकडे पाहिले, मग भावाकडे पाहिलं. "तुला देवाने हात दिलेत का हातोडे?"

"शिव्या नंतर दे गं. जुळेल का तेवढं सांग."

ताईने तुकडे ओट्यावर ठेवले. त्या रायफलीने शेवटची गोळी कधी झाडली हे घरात कुणाला आठवत नव्हतं, पण बाबांचा सगळा तोरा तिच्यात होता. रोज सकाळी ते ती खाली काढत, तेलाच्या फडक्याने पुसत, मांडीवर घेऊन बसत. मुठीखाली त्यांचा अंगठा मागे-पुढे फिरत राही, आणि पाहुणा समोर असला की एकच वाक्य ठरलेलं: "आमच्या वडिलांपासून या दस्त्याला ओरखडा नाही." आता डोळ्यांना फारसं दिसत नसताना तर त्यांना हाच एक विरंगुळा उरला होता. तो मोडला होता.

शिवाय ताईचं स्वतःचं एक दुखणं होतं. तिच्या कामाला बाबांनी आजवर "चालेल" याच्या पुढचा शब्द दिला नव्हता. बाईच्या केसांत रुपेरी बटा आल्या, पण त्या पुढच्या शब्दाची आशा काही सुटली नव्हती. आणि आता हे काम तर त्यांच्या बोटांखालीच जाणार होतं.

ताईने मोडलेला भाग खिडकीपाशी धरला आणि तिचे डोळे बारीक झाले. मोडीच्या अगदी शेजारून लाकडात एक काळपट रेघ गेली होती. लाकूड चिकटवायचा जुना सरस! म्हणजे दस्ता पूर्वी एकदा मोडला होता आणि कुणीतरी तो जोडला होता. एका तुकड्यातून लाकडी खुंटी दातासारखी बाहेर आली होती आणि तिच्या अंगावर एक बारीक खाच नागमोडी गेली होती. ताईला ती खाच बघताक्षणी ओळखू आली. "सरसाला पळायला वाट ठेव पोरी, कोंडलास तर लाकूड फोडतो," असं म्हणत बाबांनीच तिला ती कोरायला शिकवली होती.

"खोटारडे कुठले!" ती मोठ्याने म्हणाली आणि हसतच सुटली.

"कोण?" धांदल्या दचकला.

"आपले तीर्थरूप. ओरखडा नाही म्हणे!"

मग हसणं थांबलं आणि ती नुसती बघत राहिली. केवढं काम होतं ते! आजोबांसारख्या जमदग्नीच्या नाकाखाली कोवळ्या वयातल्या बाबांनी हा सांधा घातला होता, आणि आजवर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आता इतक्या उंचीवरून पडूनही सांधा हलला नव्हता. शेजारचं अक्रोडाचं लाकूड मोडलं, पण सांधा मोडला नाही. असं काम आपल्या हातून एकदा तरी व्हावं, असं तिला अगदी आतून वाटलं.

खुंटी कापून टाकून नवी बसवणं सोपं होतं. तिने ते केलं नाही. समोरच्या तुकड्यातलं भोक अरुंद पटाशीने हळूहळू साफ करून बाबांची खुंटी पुन्हा त्यातच बसवली आणि तिच्या शेजारी स्वतःची एक घातली, खाचेसकट. सरस लावला. गोल मुठीवर शिकंजा धरेना, म्हणून सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली. धांदल्याला सरस वाळेपर्यंत त्या बाजूला फिरकायचीही बंदी घातली.

ट्यूब सोडल्यावर तिने डोळे मिटून मुठीवरून बोट फिरवलं. स्वतःचा सांधा कुठेच लागला नाही. मुठीखाली मात्र केसाएवढा एक उंचवटा लागला. सुतारकाम करणाऱ्याला उंचवटा लागला की त्याचे हात शिवशिवतात. तिने पॉलिश पेपरने तो घासून टाकला, वर तेलाचे हात चढवले आणि शनिवारी रायफल भिंतीवर गेली.

रविवारी बाबा आले. हातपाय धुतले आणि भिंत चाचपत त्यांनी रायफल खाली काढली. ती मांडीवर आली, फडकं फिरलं, अंगठा मुठीखाली गेला. मागे, पुढे, परत मागे. मग थांबला. धांदल्या छताकडे बघू लागला.

"माझी चूक कुठे गेली?" बाबांनी विचारलं.

त्यांनी अंगठा पुन्हा त्याच जागेवरून फिरवला.

"इथे माझा सांधा केसभर वर राहिला होता. आमच्या वडिलांना तो कधी सापडला नाही. मला मात्र रोज सापडायचा."

ताईने कपाळावर हात मारला. घासलेला तो उंचवटा! "बाबा, मला काय माहीत तो तुमचा ते?"

"पडली माझ्या हातून," धांदल्या पुटपुटला. "ताईने जोडली."

बाबांनी त्याच्याकडे मानही वळवली नाही. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मोडलं काय? माझा सांधा?"

"नाही बाबा. लाकूड मोडलं. तुमचा सांधा जसाच्या तसा आहे. तुमची खुंटीही आतच ठेवलीय मी."

म्हाताऱ्याने एवढा मोठा श्वास सोडला की फडकं मांडीवरून घसरलं. मग म्हणाले, "आणि तुझा कुठाय?"

ताईने त्यांचा अंगठा धरून आपल्या सांध्यावर ठेवला. त्यांनी तो आडवा फिरवला, उभा फिरवला, नख लावून पाहिलं.

"इथे?"

"हो, इथेच."

"काहीच लागत नाही."

"नाही ना?" ताईने पुन्हा विचारलं.

"नाही." बाबांनी खाली पडलेलं फडकं चाचपून उचललं, दुसऱ्या हातात घेतलं आणि पुन्हा पुसायला लागले. अंगठा त्यांनी तिथून काढला नाही. "मग आता हा इथेच ठेवतो."