लटकणारा

आमच्या झाडं छाटायच्या धंद्यात आकडा फेकला की त्यावर आधी कुणीतरी लटकायचं असतं. आकडा म्हणजे चार नख्यांचा लोखंडी गळ, त्याला बांधलेला दोर. खालून गरगर फिरवून उंच फांदीच्या बेचक्यात टाकायचा आणि बसला असं वाटलं की एकाने दोराला धरून झोके घ्यायचे. फांदी कुजकी निघाली तर तो आपटतो, पण जमिनीपासून हातभरच वर असतो, बूड शेकून निघतं एवढंच. तो नाही आपटला तर मग चढणारा चढतो. आमच्यात चढणारा एकच होता, माझा थोरला भाऊ. आणि लटकणारा त्याचा जावई.

जावई कसला, घरजावई! दादा त्याला 'ओझं' म्हणायचा. "ओझं, लटक!" अशी हाळी दिली की लोक खिडक्या उघडून बघायचे. फांदी मोडून तो पडला की दादा टाळ्या पिटायचा. "बघा, सासऱ्याच्या घरी जावई कसा पडून असतो!" मीही त्याला ओझंच म्हणायचे, खोटं कशाला बोलू? मी विधवा बहीण, दादाच्या तुकड्यांवर. दोर सांभाळायचं काम माझं. एकदा माझी वेणी दोराच्या वळशात अडकली, तर दोर ढिला करायचा सोडून दादाने करवतीने वेणीच कानापाशी कापली, फांदीला बांधली आणि दिवसभर तिच्याकडे बघून हसला. म्हणे, केस पुन्हा उगवतात, दोर उगवत नाही.

जावयाला चढायचं होतं. दुसरं काहीही नको होतं बिचाऱ्याला. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या झाडावर तो एकटाच आकडा फेकायचा, स्वतःच लटकायचा, स्वतःच चढायचा. मी भांडी घासता घासता बघायचे. पण कामावर विचारलं की दादाचं उत्तर ठरलेलं: "तू चढशील त्या दिवशी मी तुला हात जोडून जावईबापू म्हणेन. तोवर लटक." मग निघून का गेला नाही म्हणाल, तर माझ्या भाचीमुळे. तिला आई नाही. "बाबांना सोडून मी कुठेही येणार नाही," हे तिने लग्नाआधीच बजावलं होतं, आणि त्याचा सगळा जीव तिच्यात.

एकदा त्याने बाजारातून एक कडी आणली. कंबरपट्ट्याला दोराची गाठ मारण्याऐवजी दोर ह्या कडीत अडकवायचा. सगळा भार दोरावर असला तरी खटका दाबला की सुटतो. "मामा, कधी अधांतरी अडकलात तर उपयोगी पडेल," म्हणाला. दादाने ती कडी कुत्र्याच्या पट्ट्याला लावली.

"गाठ म्हणजे गाठ," म्हणाला. "खेळणी पोरांना द्यावीत. पण तुला तेवढंही कुठे जमलंय!"

भाची तिथेच भाजी चिरत होती. तिचा विळीवरचा हात थांबला. जावई हात धुवायला गेला.

त्या दिवशीचं झाड एका बंगल्याच्या मागे होतं. शेंड्याला बांधलेल्या कप्पीतून मोठा दोर खाली आलेला, त्यावर दादा वर गेला. दोराचं दुसरं टोक बुंध्याला वळसे देऊन माझ्या हातात. कापायची फांदी बाहेर लांबवर गेलेली, तिच्यावरून चालता येईना. तेव्हा दादाने नेहमीची युक्ती केली. छोट्या दोराचा आकडा शेजारच्या झाडाच्या बेचक्यात फेकला, तो दोर कंबरपट्ट्याशी गाठ मारून बांधला आणि स्वतःला ओढत ओढत दोन झाडांच्या मधोमध जाऊन लटकला. तिथून फांदी कापायची, हिसका देऊन आकडा सोडवायचा आणि झुलत परत यायचं. फांदी कापली. पण तुटताना ती उसळली आणि दादाच्या उजव्या हातावर बसली. हात मोडला, करवत खाली पडली. आणि आकडा काही सुटेना. नखी बेचक्यात पाचरीसारखी रुतली होती.

"मोठा दोर सोडू का?" मी ओरडले.

"अक्कल गहाण ठेवलीस का? सोडलास तर सगळा भार आकड्यावर येईल! त्याच्यावर लटकून बघितलंय का कुणी?"

तेही खरंच. त्या आकड्यावर ओझं लटकलं नव्हतं.

डाव्या हाताने गाठ सुटेना. ताणलेली गाठ कुणाच्या बापालाही सुटत नाही. बंगल्यातल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "कुंपणाला काही होणार नाही ना?" आणि भुसा येतो म्हणून खिडकी लावून घेतली. कंबरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत असं निश्चल लटकलं की ते मांड्यांत रुततात, पायातलं रक्त थांबतं. आम्हा तिघांनाही हे चांगलं माहीत होतं.

जावयाने करवत कमरेला खोचली, दुसरा आकडा उचलला आणि पहिल्याच फेकीत शेजारच्या झाडावर बसवला. सवयीने स्वतःच लटकला, झोके घेतले आणि चढला. काय चढला म्हणून सांगू! माझा ऊर भरून आला. आणि दादा वरून ओरडत होता, "ओझं, जपून! झाड वाकेल!"

तो रुतलेल्या आकड्याशेजारी जाऊन बसला. आता काम एवढंच होतं: करवतीचा एक फटका मारला की छोटा दोर तुटणार, दादा झुलत आपल्या झाडाकडे येणार आणि मी त्याला हळूहळू खाली घेणार. मी दोर घट्ट धरून हाकेची वाट बघत राहिले.

हाक आली नाही.

"मामा, मी चढलो," जावई म्हणाला.

"मग? हार घालू?"

"म्हणा."

दादाला लगेच कळलं. तो थुंकला, थुंकी त्याच्याच छातीवर पडली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ना!

जावई बेचक्यात पाठ टेकून बसला, करवत मांडीवर. भिंतीवरचं ऊन फाटकापर्यंत सरकलं. दादाने आधी त्याच्या आईला शिव्या घातल्या, मग खानदानाला, मग माझ्याकडे वळला. "तू गं काय बघतेस, भवाने? सांग त्याला!"

मी नाही सांगितलं. का सांगू? माझी वेणी फांदीवर हलत होती तेव्हा कोण बोललं होतं माझ्यासाठी? आता तो हलत होता. आणि मला बरं वाटत होतं, उन्हातून येऊन गार पाणी प्यायल्यासारखं.

हळूहळू शिव्या आटल्या. "पाय आहेत का रे माझे?" त्याने विचारलं. शेवटी जो आवाज आला तो दादाचा वाटेना.

"जावईबापू."

"हात जोडून म्हणणार होतात."

दादाने मोडलेला हात डाव्या हाताने उचलला, छातीशी आणला आणि तळवे जुळवले. गुरासारखा ओरडला. "जावईबापू, सोडवा मला."

तेव्हा कुठे हाक आली. "आत्या, सांभाळा."

पाय गेले ते गेलेच. फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. भाचीला वाटतं, नवऱ्याने बापाचा जीव वाचवला. रोज संध्याकाळी ती त्या निर्जीव पायांना तेल चोळते आणि म्हणते, "बाबा, हे नसते तर काय झालं असतं?" एकदा तिने मला विचारलं, "आत्या, वर इतका वेळ काय चाललं होतं गं?" दादा खाटेवरून माझ्याकडे बघत होता. त्याची जीभ शाबूत आहे, त्याला सगळं सांगता आलं असतं. पण मग हात जोडले तेही सांगावं लागलं असतं.

"आकडा फार घट्ट बसला होता," मी म्हणाले. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता जावई चढतो. मी त्याला ओझं म्हणत नाही, जीभच धजत नाही. आकडा फेकला की तो मागे वळून गोड आवाजात म्हणतो, "आत्या, लटका." आणि ह्या वयात मी लटकते. परवा फांदी मोडली आणि मी आपटले. त्याने टाळ्या पिटल्या नाहीत, पण हसू काही लपलं नाही त्याचं.

घरी आला की मात्र तो आधी सासऱ्याकडे जातो. दादाला मोरीपर्यंत न्यायचं काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. पोटचा मुलगा तरी एवढं करील का, म्हणत भाची कौतुकाने बघत राहते. तो खाटेशी वाकतो, दादाचा धड हात आपल्या मानेभोवती घालून घेतो आणि म्हणतो, "हं मामा, लटका."

दादा लटकतो.