बादलीतला हिरवा

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्या घराच्या छतावर एरवी हिवाळ्यात पापड वाळायचे. यंदा तिथे प्लॅस्टिकचे चमचे वाळत होते. प्रत्येकाच्या पाठीवर हिरव्या रंगाचा एक हात. म्हणायला सगळे हिरवेच, पण एकासारखा दुसरा नाही. वानरांनी पळवू नयेत म्हणून मृणालिनीबाईंनी त्यांच्यावर वेताची डाली पालथी घातली होती.

हा उद्योग त्यांच्या यजमानांचा. सुमंतराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती करत. विमान तळहाताएवढं, पण रंग मात्र त्या साली त्या हवाई तळावर जो असेल तोच हवा. त्यासाठी ते पुस्तकं मागवत, जुने फोटो भिंगातून बघत आणि आधी चमच्यावर रंग लावून उन्हात पारखत. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. बाईंना ते पटे. साडीवरच्या ब्लाउजचं कापड त्यांनीही कधी दुकानाच्या आत घेतलं नव्हतं. पायरीवर उन्हात आणूनच घेतलं होतं.

यंदाचं विमान मात्र घरचं होतं. थोरले दीर विश्वजीत एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या एका तळावर नॅट विमानांची देखभाल करत. विमानं चंदेरी. वरून लखलखताना दिसतात म्हणून एकाएकी हुकूम आला, हिरवी करा. कोठारातला रंग पुरेना, तेव्हा बाजारातून डबे आणले गेले. विश्वजीतनी ते बादलीत कालवले आणि भिंतींच्या ब्रशांनी विमानं रंगवली. मृणालिनीबाई नवी नवरी असताना सासूबाई ही गोष्ट सांगायच्या. लढाईनंतर सुटीवर आलेल्या लेकाच्या नखांतला हिरवा त्यांनी म्हणे लिंबाच्या सालीने घासून काढला होता. बाईंना ते ऐकताना सासूबाईंचे हातच दिसत. लिंबू, राख, चिंच, याबाहेर त्यांचा दवाखाना नव्हता.

तर त्या बादलीतला हिरवा पुस्तकात कुठून सापडणार? तो एकट्या विश्वजीतना ठाऊक. लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्तीनंतर धाकट्या भावाकडेच राहिले. रोज सकाळी नदीवरच्या राजा घाटापर्यंत फेरी मारून आले की छतावर खुर्ची टाकून बसत आणि चमचे नापास करत.

"पिवळा मारतोय. निळं घाल," ते म्हणत.

सुमंतराव निळं घालत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं होता होता एक चमचा थेट मोराच्या मानेसारखा झाला आणि विश्वजीत खूश होऊन म्हणाले, हाच तो. सुमंतरावांनी कपाळाला हात लावला. असलं विमान ना कुठल्या फोटोत होतं, ना कुठल्या तळावर. शब्दाने शब्द वाढला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दादा, पन्नास वर्षं झाली. तुला आता आठवत नाहीये, एवढं कबूल कर ना."

विश्वजीत खाली उतरले ते पुन्हा छतावर आले नाहीत.

बाईंच्या लक्षात आलं की भाऊजी आता स्वतःचीच परीक्षा घेऊ लागलेत. जेवताना मध्येच विचारायचे, आपल्या शेजारी आधी नीलकंठशास्त्री राहायचे ना? त्यांची गाय कपिला की गौरी? उत्तर बरोबर आलं तरी चेहरा उजळत नसे. ज्या माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच मोठी गोष्ट, तिच्यावरचाच त्याचा भरवसा उडाला होता. सुमंतरावांनीही विमान डब्यात ठेवून दिलं. घर कसं अळणी झालं.

मग एका सकाळी विश्वजीत धुतलेलं धोतर हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मृणाल, हल्ली नीळ कमी घालतेस का? धोतरं पिवळी दिसतात."

बाईंनी पाहिलं. धोतर बगळ्यासारखं पांढरं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि मग त्यांना हसूच आवरेना. दोन वर्षांपूर्वी हेच त्यांचं झालं होतं. कपडे पिवळे दिसतात म्हणून त्या नीळ वाढवत गेल्या. मोतीबिंदू निघाल्यावर पाहतात तो घरातले सदरे, चादरी, देवळातून धुवायला आणलेली देवीची वस्त्रंसुद्धा आकाशासारखी निळी. मंगला गौरीचे पुजारी काही बोलले नव्हते, हा त्यांचा भलेपणा.

"भाऊजी, बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही विसरला नाहीत. आठवण शाबूत आहे, डोळा पिकलाय. मी सदऱ्यांत नीळ ओतली, तुम्ही विमानात ओतलीत."

डॉक्टरांनी सुचवलेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं नाव काढलं की विश्वजीत वर्षभर अंग चोरत आले होते. आता मात्र त्यांनी पुन्हा विचारून घेतलं, नक्की डोळाच ना? आणि म्हणाले, "मग काढून टाका. डोळ्याचं काय एवढं."

एक डोळा झाला, मग दुसरा. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर सकाळच्या उन्हात बाईंनी डाली उचलली. विश्वजीत चमच्यांवरून नजर फिरवत गेले आणि मोराच्या मानेपाशी थबकले.

"हे ध्यान कुणी रंगवलं रे?"

"तूच पास केलंस, दादा," सुमंतराव म्हणाले.

"बँकेत असं काही पुढे आलं असतं तर सही केली असतीस का? मग इथे मला का करू दिलीस?" विश्वजीत म्हणाले.

बाई पदरात हसल्या. विश्वजीतनी एक मळकट, शेवाळी चमचा उचलला. अगदी सुरुवातीलाच नापास केलेल्यांपैकी तो होता. हातात धरून त्यांनी तो बराच वेळ उन्हात फिरवला. अंगठा नखांवरून फिरत राहिला.

सुमंतरावांनी विमान आणलं, रंग कालवला आणि फवारणीचं यंत्र जोडायला घेतलं. विश्वजीतनी मान हलवली. ब्रश हवा, म्हणाले. फवारा कुठे होता आमच्याकडे? सुमंतरावांनी जाडसर ब्रश शोधून त्यांच्या हातात दिला आणि विमान स्वतः धरून बसले. क्षमा वगैरे त्या घरात कुणी मागत नसे. विमान मात्र त्यांनी तान्ह्या मुलासारखं धरलं होतं.

विश्वजीतनी रंगवायला घेतलं. पंखावर ब्रशाच्या रेघा उमटल्या, शेपटीवरच्या आकड्यावर थोडा हिरवा चढला. केसाएवढ्या चुकीसाठी आठवडा घालवणारे सुमंतराव वाकून बघत होते. बाईंना वाटलं, आता बोलतील.

"तेव्हाही आकड्यावर असाच चढला होता?" त्यांनी विचारलं.

"याहून वाईट. घाई होती ना," विश्वजीत म्हणाले आणि दुसऱ्या पंखाकडे वळले.

बाई चहा टाकायला खाली गेल्या. अर्ध्या जिन्यात त्यांना वरून भाऊजींचा आवाज ऐकू आला. ते बादली कुठून आणली तिथपासून पुन्हा सांगत होते आणि सुमंतराव, जसं काही पहिल्यांदाच ऐकतायत तसे, मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते.