आभाराचा चुकलेला शब्द

कॉव्हेंट्रीच्या एका लायब्ररीत, वरच्या मजल्यावर, सुलक्षणा बर्वे दर बुधवारी इंग्रजी शिकवायची. विद्यार्थी बहुतेक हाँगकाँगहून आलेले, टेकअवेच्या किचनमध्ये राबणारे. त्यांतले मिस्टर ताम वयानं सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत गप्प. विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला, भूल देणाऱ्या डॉक्टर शशिधरना, लंडनकडे नोकरी मिळाली आणि तिथल्या पिनर या उपनगरात राहायला जायचं ठरलं. शेवटच्या बुधवारी क्लासनं छोटीशी पार्टी केली. केक कापून झाला, आणि कुणी न सांगता मिस्टर ताम उभे राहिले.

"मिसेस बर्वे, आम्ही कामावरून दमून येतो. पण यू एनर्व्हेट अस. थँक यू."

पार्टीला आलेल्या कौन्सिलच्या बाईंना चहाचा ठसका लागला. शब्दाचा अर्थ नेमका उलटा होता, अंगातलं बळ काढून घेणं. तामना म्हणायचं होतं, तुम्ही आम्हाला तरतरी आणता; म्हणून 'एनर्जी'सारखा दिसणारा भारदस्त शब्द त्यांनी निवडला होता. सुलक्षणाला ते लगेच कळलं. माणूस पहिल्यांदा आपणहून बोलला, आता काय चूक काढायची! ती नुसतं "थँक यू" म्हणाली.

शनिवारी सकाळी घरात सगळीकडे खोकी पसरलेली असताना बेल वाजली. दारात मिस्टर ताम, इस्त्रीच्या शर्टात.

"माझी मुलगी हसली," ते म्हणाले. "अर्थ तिनं सांगितला. तुम्हाला माहीत होता?"

"होता."

"मग तुम्ही का नाही सांगितला? वाक्यात साधा 'द' विसरलो तरी थांबवता. त्या दिवशी नाही थांबवलंत. मी पाहुणा झालो?"

ते चुकीमुळे शरमलेले नव्हते, दुखावलेले होते. सुलक्षणानं मायेनं केलं ते त्यांना परकेपणाचं वाटलं होतं.

"सॉरी, मिस्टर ताम," ती म्हणाली. "बसा. आत्ता शिकू."

खुर्च्या व्हॅनमध्ये गेल्या होत्या, म्हणून दोघं पुस्तकांच्या खोक्यांवर बसले. "हा शब्द फसवा आहे," ती म्हणाली. "एनर्जीचा नातेवाईक वाटतो, पण नाही. आत 'नर्व्ह' आहे. जुन्या भाषेत नर्व्ह म्हणजे स्नायू, आणि सुरुवातीचा 'ए' म्हणजे बाहेर. स्नायूच काढून घेतले तर माणूस उभा राहील का?"

शशिधर जिन्यावरून गादी ओढत होते. "सुलू, मी रोज तेच करतो!" ते ओरडले. "फक्त नंतर परत देतो!"

"अहो, गादी सांभाळा!"

ताम मात्र हसले नाहीत. विचार करत होते. मग पोटावर तळवा ठेवून म्हणाले, "आमच्याकडे म्हणतात यून-हेइ. जन्मापासून आत असतं ते बळ. आजारानं जातं. ऑगस्टमध्ये किचनच्या उकाड्यानं जातं. तेच?"

"अगदी तेच. आम्ही त्याला त्राण म्हणतो."

"तलान," ते म्हणाले.

"त्राण."

"त्लान." या वेळी ते हसले, आणि तीही. मग त्यांनी सावकाश वाक्य जुळवलं: "द हीट एनर्व्हेट्स मी. यू डोन्ट."

सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं. वाक्य बरोबर होतं, तसं तिनं सांगितलं.

दुपारी टेकअवेचं दुकान उघडायचं होतं तरी ताम गेले नाहीत. बाही दुमडून त्यांनी शशिधरबरोबर सोफा उचलला, दारात अडकला तेव्हा कँटनीजमध्ये काहीतरी जोरात म्हणाले आणि तिरका करून बाहेर काढला. सुलक्षणानं उरलेल्या पोह्यांना फोडणी दिली. तिघांनी ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ले. तामनी दोनदा घेतले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

ती सांगायला लागली, तशी त्यांनी खिशातून पेन काढलं.