जिन्याची जागा

सुजय पुन्हा स्टुलावर चढला आणि छतावर लाल खडूने आखलेल्या चौकोनाला टेप लावून बघू लागला. माप तेच होतं. कालही तेच होतं, परवाही तेच होतं. स्लॅब काही आपोआप वाढत नाही. पण रोह्याहून कंपनीच्या बसने आल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती, आणि हातात टेप असली की माणूस निदान काहीतरी करतोय असं दिसतं.

खाली सुरभी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. हातात मोबाईल, डोळे अर्धवट मिटलेले.

"फसाड म्हणजे दर्शनी बाजू. स्पेशस, ऐसपैस. वेल व्हेंटिलेटेड, हवेशीर. स्पायरल स्टेअरकेस..."

"गोल जिना," सुजय वरून म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आठवडाभर तेच ऐकतोय. आता आईला पण येतंय."

"स्पेशस!" स्वयंपाकघरातून हौसाबाईंनी, सुजयच्या आईने, ठसक्यात सांगितलं आणि भाकरी तव्यावर टाकली. शेजारी अभ्यासाला बसलेली सुरभीची मुलगी भूमिका आजीला टाळी देऊन खिदळली. सुरभीला हसू आलं, पण तिने ते लगेच आवरलं. हसायला वेळ नव्हता.

उद्या तिची इंग्रजीची परीक्षा होती, मुंबईला. पेणच्या एका खाजगी दवाखान्यात ती नर्स होती आणि तिला लंडनकडच्या एखाद्या हॉस्पिटलात जायचं होतं. त्यासाठी ही परीक्षा. मागच्या खेपेला लिहिण्यावाचण्यात ती उत्तम पास झाली आणि बोलण्यात थोडक्यात नापास झाली. "तुमच्या आवडीच्या एखाद्या इमारतीविषयी दोन मिनिटं बोला," असं समोरच्या बाईने सांगितलं, आणि सुरभीने कधी आत पाऊलही न टाकलेल्या एका मोठ्या हॉटेलाचं वर्णन सुरू केलं. बाहेरचा घुमट सांगून झाला. मग बाईने विचारलं, आत काय आहे? सुरभी गप्प. तेव्हापासून तिने इमारतींच्या शब्दांचा धसकाच घेतला होता.

आणि उद्याच पुंडलिक मिस्त्री स्लॅब फोडायचं ब्रेकर मशीन घेऊन येणार होता.

सुरभीने परीक्षेला पहिल्यांदा नाव घातलं त्याच महिन्यात सुजयने घरावर मजला चढवायला घेतला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं घरात कुणी बोललं नाही. संबंध आहे हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. वर दोन खोल्या, पुढे गॅलरी. "आपल्याला नीट जागा नको का?" एवढंच तो म्हणाला होता. भिंती उभ्या राहिल्या, वरचा स्लॅब टाकून झाला, आणि इतके दिवस सगळे बांबूच्या शिडीने बाहेरून चढत-उतरत होते. राहिला होता जिना. तो आतून घ्यायचा तर हॉलच्या कोपऱ्यातला स्लॅब फोडायचा. बाहेरून घ्यायचा तर तुळशीजवळ खड्डे मारायचे. आतला जिना म्हणजे घर वाढलं, बाहेरचा जिना म्हणजे भाडेकरू आले. पेणच्या या रामवाडीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून सुजयने पहिल्याच दिवशी पुंडलिकला सांगून टाकलं होतं, आतून. चौकोन त्यानेच आखून घेतला होता.

त्याला ती जायला नको होती. वर्षभर ती एकटी जाणार, मग सुजय आणि भूमिकाला बोलावून घेणार, असं तिचं गणित होतं. त्या गणितात आईचं काय, आणि कंपनीतले पंप दुरुस्त करणारा फिटर तिकडे जाऊन काय करणार, हे कुणी शेवटपर्यंत सोडवत नव्हतं. आणि "जाऊ नको" हे दोन शब्द काही केल्या सुजयच्या तोंडातून बाहेर पडत नव्हते. त्यापेक्षा विटा रचणं सोपं गेलं होतं.

"एकदा घ्या ना माझी," सुरभी म्हणाली. "तुम्ही परीक्षक व्हा."

तो स्टुलावरून उतरून त्याच स्टुलावर बसला. तिने मोबाईलवर प्रश्न काढून त्याच्या हातात दिला. आवडीच्या इमारतीचं वर्णन करा. कुठे आहे, कशी आहे, तिथे कोण राहतं. दोन मिनिटं.

तिने काचेच्या एका उंच इमारतीचं पाठ केलेलं वर्णन सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्याला अडखळली.

"ते सोड गो," सुजय म्हणाला. "बघितलेलं काहीतरी सांग. आपलंच घर सांग."

"यात काय आहे सांगण्यासारखं?"

"सांग तर."

तिने क्षणभर छताकडे पाहिलं, चौकोनाकडे, आणि इंग्रजीत बोलू लागली. घर पेणला आहे. दोन मजली आहे. दर्शनी बाजूला एक लांब गॅलरी आहे आणि तिथून डोंगर दिसतो. खाली माझ्या सासूबाई राहतात, त्यांचं स्वयंपाकघर हवेशीर आहे. हॉलमधून वर जिना जातो. सकाळी माझी मुलगी त्या जिन्यावरून दप्तर आपटत खाली येते आणि आजी तिला ओरडते. माझा नवरा तिसऱ्या पाळीवरून येतो, शेवटच्या पायरीवर बसून बूट काढतो आणि तिथेच चहा पितो. जिन्याखाली सायकल ठेवायला जागा आहे. संध्याकाळी वरच्या खोलीत भरपूर उजेड येतो, तिथे मुलगी अभ्यास करते. नवरा गॅलरीत कपडे वाळत घालतो आणि सगळे चिमटे खाली पाडतो.

सुजयला बरंचसं कळत होतं. पंपांची माहितीपुस्तकं वाचून त्याचं इंग्रजी कामापुरतं होतं. ऐकता ऐकता तो वाट बघू लागला. आता ती जिन्यावरून खाली येईल, आता ती गॅलरीत उभी राहील, कपडे तरी ती वाळत घालेल. मोबाईलची घंटा वाजली. दोन मिनिटं संपली, आणि सगळ्या घरात ती कुठेच आली नव्हती. अडखळली मात्र एकदाही नव्हती.

"कसं झालं?" तिचा चेहरा उजळला होता.

"फर्स्ट क्लास."

"चुकलं काही?"

"काय नाय चुकलं," तो म्हणाला आणि टेप गुंडाळायला लागला. टेप मघाशीच गुंडाळून झाली होती.

सकाळी तो तिला डेपोत सोडायला गेला. पनवेलची गाडी फलाटाला लागायची होती. सुरभीने पर्समधलं ओळखपत्र दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पर्स उघडली आणि नुसतीच बंद केली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "पास झाले तरी, तुम्ही जाऊ नको म्हणालात तर मी जाणार नाही. खरंच. पण ते तोंडाने म्हणा एकदा. नुसत्या भिंती नका बांधू."

सुजयने घसा साफ केला. तेवढ्यात गाडी आली, माणसं दाराशी घुसली, आणि ती त्यांच्यात शिरून वर चढली. खिडकीतून तिने हात केला. सुजय हात वर करायचंही विसरून गेला.

घरी आला तर पुंडलिक हजर. मशीन दारात, टीव्हीवर चादर, सोफा भिंतीला सरकवलेला. हौसाबाईंनी भाकरीचे डबेसुद्धा झाकून घेतले होते.

"चला सुजयभाऊ, करू ना सुरू?" पुंडलिक म्हणाला. "एकदा फोडला की मग मागं फिरता येनार नाय, सांगून ठेवतो."

सुजय चौकोनाखाली जाऊन उभा राहिला. त्याने मान वर केली.

"नको," तो म्हणाला.

"आँ?"

"बायेरून घे."

"अरे, बायेरून म्हंजे..." हौसाबाई पुढे आल्या. "लोक काय म्हनतील? घरची मानसं असताना भाडेकरू?"

"आई, ती जानार हाय."

"पास तरी होऊ दे तिला."

"होनार ती. मी ऐकलंय तिचं."

हौसाबाईंनी टीव्हीवरची चादर ओढून काढली आणि घडी घालायला घेतली. घडी वाकडी झाली, ती त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

सुरभी दिवेलागणीला परतली. अंगणात तुळस दोन हात सरकली होती आणि भिंतीलगत पायासाठी ताजे खड्डे खणलेले होते. ती त्यांच्या कडेला थांबली. चप्पल काढून आत आली. हॉल झाडल्यासारखा स्वच्छ होता, सोफा जागेवर होता. तिने वर पाहिलं. चौकोन होता तसाच होता.

"पेपर कसा गेला?" सुजयने विचारलं.

"बरा." तिची नजर अजून वरच होती. "घरावरच विचारलं त्यांनी. आपलंच सांगितलं." मग तिने विचारलं, "भाडेकरू ठेवणार?"

"नर्स बघू कोणीतरी. बाहेरगावच्या पोरी येतात ना दवाखान्यात, त्यांना जागा मिळत नाय." त्याने चौकोनाकडे पाहिलं. "कुठंतरी कोणीतरी द्यायलाच लागते जागा."

सुरभीने पर्स सोफ्यावर ठेवली. आत जाऊन ओलं फडकं घेऊन आली आणि कोपऱ्यातलं स्टूल चौकोनाखाली ओढलं. ती वर चढली, टाचा उंचावल्या, तरी हात जेमतेम खडूच्या रेघेला लागत होता. तिचे खांदे हलायला लागले होते आणि स्टूल डगमगत होतं.

सुजयने दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं.

"पूस तू," तो म्हणाला. "मी धरलंय."