शाईच्या डबीला काय हवं?

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे, प्रिंटरमधल्या काळ्या शाईची. दुकानात मला कार्ट्रिज म्हणतात. पण मी ज्या घरात राहते तिथे सगळे मला डबीच म्हणतात, आणि मलाही तेच नाव गोड लागते. माझ्या पोटात स्पंज आहे, तळाला केसाहून बारीक छिद्रांची चाळण आहे आणि कपाळावर एक लहानसे भोक आहे. हे भोक तेवढे लक्षात असू द्या.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझ्या हजारो बहिणी पट्ट्यावरून सरकत होत्या. वेष्टनात बसल्या बसल्या मी मनात म्हणे, आपल्या हातून एखादे जाडजूड पुस्तक छापून व्हावे. झाले वेगळेच. एका लेकीने मला आपल्या वडिलांसाठी विकत घेतले.

वडिलांना सगळे नाना म्हणत. नाना पेने दुरुस्त करीत. शाईच्या पेनात निबखाली एक काळी पट्टी असते, तिच्यावरून शाई खाली उतरते. तिला जीभ म्हणतात. चाळीस वर्षे नानांनी लोकांच्या पेनांच्या जिभा साफ केल्या, आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांची स्वतःचीच जीभ अडली. उजवा हातही लुळा पडला. दवाखान्यातून घरी आले ते मुकेच. डोळ्यांना सगळे कळत होते, ओठांवर काही येत नव्हते.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई दर आठवड्याला येत. त्या लेकीला म्हणाल्या, "रोज एक पान छापायचं. मोठ्ठी अक्षरं, चारच शब्द. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही."

तेव्हापासून रोज सकाळी एक पान, हा माझा नेम झाला. नेमाने माणसाचेच भले होते असे नाही बरे का! रोज थोडी शाई वाहिली म्हणून माझी छिद्रेही कधी सुकली नाहीत.

नाना अडखळत वाचू लागले. घर. दार. नळ. पण बाई म्हणाल्या, "वाचून म्हणतात, छानच आहे. आता मनातला एक शब्द आपणहून यायला पाहिजे. तो आला की पुढची वाट मोकळी."

त्या एका शब्दासाठी सारे घर कान टवकारून बसले. मात्र थांबणे कुणाला जमेना. नानांनी ओठ हलवले रे हलवले की आई, म्हणजे लेकीची आई, वाक्य पुरे करून टाकी. "ख..." असे कानावर पडले की, "खिडकी लावू? लावते हो." नाना मान खाली घालीत. माउलीची मायाच ती, पण शब्द तिथेच बसून राही.

मोठ्या अक्षरांना शाई फार लागते. मी लवकरच रिकामी झाले. नवी डबी घेणे त्या घराला परवडणारे नव्हते. मला वाटले, आता आपली जागा कचऱ्याच्या टोपलीत. पण लेक शाईची बाटली आणि सुई घेऊन बसली. माझ्या कपाळावरचा कागद सोलून तिने भोकातून थेंब थेंब शाई आत सोडली. स्पंज भिजत गेला तसा माझ्या जिवात जीव आला. मग शाई सांडू नये म्हणून तिने भोकावर चिकटपट्टी लावली आणि अंगठ्याने घट्ट दाबली.

तिथेच चुकले. प्रिंटरने कागद ओढला. पहिला शब्द काळाभोर, दुसरा राखाडी, तिसरा धुक्यासारखा, चौथा नाहीच. मला पुसले, हलवले, पुन्हा बसवले, तरी तेच. पोटभर शाई असून मी मुकी झाले. दोन दिवस लेकीने हाताने पान लिहून दिले, पण नाना ते बाजूला सारीत. त्यांची नजर माझ्यावरच.

तिसऱ्या दिवशी लेकीने मला त्यांच्यापुढे ठेवले. "नाना, हिचं काही खरं नाही. टाकून देऊ?"

नानांचे ओठ थरथरले. "ह... हवा."

"काय हवा?" आईने आतून विचारले. "चहा हवा?" चहा आला.

"हवा," नाना पुन्हा म्हणाले.

"रुमाल हवा?" रुमाल आला. "चष्मा हवा?" चष्मा आला. "मग काय, पंखा हवा? एवढ्या थंडीत?" पंखाही सुरू झाला. नाना डावा हात टेबलावर आपटू लागले. "अहो, सगळं तर दिलं. आता काय राजवाडा हवा?"

"आई, थांब जरा. त्यांना बोलू दे," लेक म्हणाली आणि तिने पंखा बंद केला.

घर शांत झाले. नानांनी डाव्या हाताचे बोट माझ्या कपाळावर ठेवले आणि नखाने चिकटपट्टी खरवडली. मग तेच बोट आपल्या नाकाखाली धरून लांब श्वास घेतला. "ह... वा."

"अगं बाई!" लेक ओरडली. "आई, नानांना काही नकोय. डबीला हवा हवी आहे!"

आईने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे यांचा शब्द आला होता, आणि मी चहाच आणत बसले!"

लेकीने चिकटपट्टी ओढून काढली. वरून हवा आत आली आणि अडलेली शाई आपसूक खाली उतरली. चारही शब्द काळेभोर छापले गेले. मग तिने आणखी एक पान काढले. त्यावर एकच शब्द, पानभर मोठा: हवा. तो पाहून नाना हसले. या घरात आल्यापासून मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

मग त्यांची नजर निवलेल्या कपावर गेली. "च..."

आईचे ओठ उघडले होते. तिने ते मिटून घेतले आणि चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी घाई डोळ्यांत असूनही जागची हलली नाही.

"च... हा... हवा."

"आणते हो, गरम करून आणते," म्हणत ती वळली, ती डोळे पुसतच.

मित्रांनो, त्यानंतर मी कितीदा तरी भरले गेले. आता सुई नाना डाव्या हाताने धरतात. मला पुन्हा भरल्याचे प्रिंटरला कळत नाही; तो रोज सांगतो की शाई संपली, आणि लेक हसून त्याचे बटण दाबते. माझ्या पानांवर आता अख्खी वाक्ये असतात. कोणी रिकामे झाले, अडले, म्हणून त्याला टाकून देऊ नका, एवढेच तुमच्यापाशी मागणे आहे. सावकाश भरा, आणि भरून झाल्यावर एवढीशी हवा राहू द्या. बाकीचे देव पाहतो.