दादावर केलेली प्रार्थना

माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चर्चमध्ये मात्र त्याच जिभेचं कौतुक व्हायचं. रविवारच्या उपासनेत आजारी माणसं, दुःखी घरं आणि राज्यकर्ते यांच्यासाठी सगळ्यांच्या वतीने जी प्रार्थना करतात, ती मंडळीने अकरा वर्षं माझ्याकडे सोपवली होती. मी सुरू झालो की लोकांचे रुमाल बाहेर यायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझा थोरला भाऊ, दादा, तिसऱ्या बाकावर बसायचा. आठवडाभर आम्ही दोघं एकाच दुकानात शिलाई मशिनं दुरुस्त करायचो. तो सुया आणि शटल बघायचा, मी मोटारी आणि पट्टे. भांडणं व्हायची, पण ती डबा उघडेपर्यंत टिकायची.

मग निवडणूक आली. कालव्याकाठची घरं ज्याने पाडली होती तोच माणूस पुन्हा उभा राहिला, आणि दादाने दुकानाच्या दाराला त्याचंच पत्रक चिकटवलं. माझं डोकं फिरलं. त्या घरांतली चार कुटुंबं आमच्याच मंडळीतली होती.

"ख्रिस्ती माणूस असं करूच कसं शकतो?" मी ओरडलो.

दादाने सुईत दोरा ओवला. "ख्रिस्ती माणसानं काय करायचं, ते देव तुला फोन करून कळवतो वाटतं?"

समोरचं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. तेच मला झोंबलं.

त्या रविवारी प्रार्थनेला उभा राहिलो. राज्यकर्त्यांपर्यंत नीट पोहोचलो आणि तिथे तोंड सुटलं. "हे प्रभू, गरिबांची घरं पाडणाऱ्याचा कागद जे स्वतःच्या दाराला लावतात, तेही आज इथे बसलेत. त्यांचं कठीण हृदय तू मोड." डोळे मिटून सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. मी डोळे उघडले तर फक्त दादाचे डोळे उघडे होते. तो रागावलेला नव्हता. चारचौघांत थोबाडीत बसल्यावर माणूस बघतो तसा बघत होता. मग तो उठला आणि गेला.

वहिनी मला पायरीवर गाठून म्हणाली, "भाऊजी, भांडायचं तर दुकानात भांडायचं. तिथं ते उलटून बोलले तरी असते. देवाला कशाला मध्ये घातलंत?"

दादा पुन्हा चर्चला आला नाही. दुकानात यायचा. "तेल दे." "पट्टा सैल आहे." एवढंच बोलणं. निवडणुकीत त्याचा माणूस पडला, तरी मी गप्प राहिलो, आणि त्याचंही मला केवढं कौतुक! चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, जा, माफी माग. मी म्हणालो, घरं खरंच पाडली होती की नाही? माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. त्या बरोबर असण्यात मी वर्ष घालवलं.

मग दादाच्या यकृतात गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती.

वॉर्डात गेलो तेव्हा वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. मी स्टुलावर बसलो. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"दादा, चुकलो."

"हं. बस."

"एक विचारू? ते पत्रक का लावलं होतंस?"

तो हसला, मग बराच वेळ खोकला. "वर्षानं विचारतोयस. अरे, पोरगी नर्सिंगची ड्यूटी करून अंधारातून यायची. दोनदा मागे माणसं लागली. मी दहा दारं वाजवली. त्या एकट्यानं रस्त्यावर दिवे लावून दिले. घरं पाडली तेव्हा मलाही जेवण गेलं नव्हतं. पण पत्रक लाव म्हणाला, तर नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

पोरगी म्हणजे माझी पुतणी. लहानपणी माझ्या खांद्यावर वाढलेली. आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"मला सांगायचं नाहीस का?"

"सांगणारच होतो. पण आधी रविवार आला."

मला रडू आवरेना. डोळे पुसून मी विचारलं, "प्रार्थना करू?"

दादाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "तुला माफ केलंय, कधीच. पण प्रार्थना तू नको. माझ्या मातीलाही नको. तेव्हा मला उठून जाता यायचं नाही."

हे तो गमतीने म्हणाला की मनापासून, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी शब्द दिला.

नऊ दिवसांनी तो गेला. कबरीपाशी पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आता धाकटे बंधू आपल्या सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करतील." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी म्हणालो, "मी नाही करणार." त्यांना वाटलं, मला हुंदका आलाय. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि या खेपेला ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मागे कुणीतरी पुटपुटलं, "मेल्यावर तरी राजकारण सोडायचं."

पुतणी माझा हात धरून उभी होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तुझ्या बापाला माझ्या प्रार्थनेची धास्ती होती, हे तिला त्या उघड्या खड्ड्याशी कसं सांगणार होतो? तिने माझा हात सोडला आणि आईच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.